डावा हात उंच असलेली खुर्ची

बाबा, तुम्ही केलेल्या खुर्चीत बसूनच लिहिते आहे, आणि रागाने लिहिते आहे.

अहेरीच्या आपल्या पडवीत सागाचा भुसा पायांना चिकटायचा. चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीत येताना मी एकदा खुर्च्यांच्या इतिहासाचं पुस्तक आणलं. तुम्ही रंधा बाजूला ठेवून चित्रं बघू लागलात: इजिप्तच्या राजाची सिंहाच्या पंजांची खुर्ची, ग्रीकांची झुकलेली पाठ, फ्रेंच दरबारातले नागमोडी पाय, मग साहेबाची वेताची आरामखुर्ची, तुम्ही फॉरेस्टच्या बंगल्यासाठी करायचात तशीच. राजाची खुर्ची त्याच्या थडग्यात सापडली, हे मी वाचून दाखवलं.

"मेल्यावर कोन बसते वो बाई तिच्यात?"

"तोच."

"मंग त्याचं माप कवा घेतलं?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

मला शाळेत नोकरी लागली तेव्हा ही खुर्ची दिलीत. पंजांचे पाय, झुकलेली पाठ, वेताची बैठक, सगळे जमाने एकीत कोंबलेले. आणि डावा हात उजव्यापेक्षा दोन बोटं उंच. असं काम दाखवलं असतं तर सिस्टरनी वर्गाबाहेर उभं केलं असतं, मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "राहू दे. बसशीन तवा समजन." मी बसलेच नाही. नोकरीभर तिच्यावर धुतलेले कपडे टाकले.

मागच्या हिवाळ्यात माझा डावा खांदा मोडला. आता हात खाली सोडला की कळ येते, आणि सोफ्यावर तर तो नुसता लोंबकळतो. एका दुपारी खुर्चीवरचे कपडे उचलून इथे बसले. हात टेकला, कळ थांबली. घरात कुणी नव्हतं, तरी मी मागे वळून पाहिलं.

कुणी सांगितलं होतं तुम्हाला? माझं माप घ्यायचं तर मला विचारून घ्यायचं.

मग पुसताना खुर्चीचा उजवा हात हलला. त्याला सरस लावलेलाच नाही. खुंटी ओढली की तो अलगद निघून येतो. अशी खुर्ची मी आईच्या शेवटच्या आजारात दवाखान्यात पाहिली होती. ज्याला उभं राहता येत नाही, त्याला त्या बाजूने पलंगावर सरकवतात. माझे पाय ठणठणीत आहेत, बाबा. बाजारातून पिशवी घेऊन चालत येते मी.

हे पत्र गादीखाली जाईल, तुम्ही गेल्यावर दुसरीकडे कुठे जाणार. काल त्या खुंटीत खिळा ठोकला. पुरता नाही ठोकला. पकडीने उपसता येईल, एवढं डोकं वर ठेवलं आहे.