शेवटचं कोण?

प्रिय सुलभाताई,

तुम्हाला ‘ताई’ म्हणायचं हे तुमच्या लेकीनंच शिकवलं. नुसतं नाव घेतलं तर बरं दिसत नाही म्हणे. हे पत्र ती तुम्हाला रविवारच्या फोनवर वाचून दाखवते आहे, माझ्या स्पॅनिशचं तिथल्या तिथे मराठी करत. पाकीट मी चिकटवून दिलं होतं, त्यामुळे पुढच्या ओळीत काय आहे हे तिलाही ठाऊक नाही. एक शब्द गाळायचा नाही, अशी आमच्या गावच्या रोझारियो मातेची शपथ घातली आहे. मध्येच तिचा आवाज अडखळला तर समजा, तिच्याबद्दल काहीतरी लिहिलंय. मी एन्कार्ना, तिची घरमालकीण. स्पेनच्या या कादिसमध्ये जन्मले, इथेच म्हातारी झाले आणि तोंडाची फटकळ आहे, हे तिनं सांगितलं असेलच.

मुद्द्याचं आधी बोलते. नाताळच्या सुट्टीत तिनं घरी यावं आणि परत जाऊच नये, शिक्षण बार्शीजवळच पुरं करावं, असं तुम्ही म्हणता. तुमचं चुकत नाही. सुरुवातीला ती रोज फोनवर रडायची. आमच्या भिंती पातळ, मला सगळं ऐकू यायचं. शब्द कळत नव्हते, पण रडणं कुणालाही कळतं. कुठल्या आईचं मन थाऱ्यावर राहील? मी तुमच्या जागी असते तर मिळेल त्या विमानानं येऊन तिला बखोटीला धरून नेलं असतं.

त्याच दिवसांत एकदा माझे गुडघे धरले होते, म्हणून मी तिला मासे आणायला बाजारात धाडलं. (ती कॉलेजात मासे शिकते, खात नाही. असो.) आमच्या बाजारात रांग कुणी लावत नाही, ताई. आलं की मोठ्यानं विचारायचं, ‘शेवटचं कोण?’ एखादी बाई हात वर करते. आपण तिच्या मागे. मग खुशाल कोपऱ्यात बसा, कॉफी पिऊन या, सुनेच्या चहाड्या करा, नंबर कुठे जात नाही. आणि तुमची मृण्मयी? (हे नाव लिहिता येतं, म्हणता येत नाही, मी तिला मिमी म्हणते.) मासेवाल्या चानोच्या गाळ्यापुढे हात बांधून, शहाण्यासारखी उभी. सगळा बाजार तिच्या पुढून मासे घेऊन गेला. रिकामी पिशवी घेऊन घरी आली आणि म्हणाली, ‘एन्कार्ना, मी इथे कुणाला दिसतच नाही.’

मला आधी हसू आलं, मग मी तिला जवळ बसवलं. म्हटलं, ‘अगं वेडाबाई, तू आलीस हे तू सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं?’ शेजारची पाकी हातात डाव घेऊन मासेवाली झाली, मी गिऱ्हाईक झाले, आणि स्वयंपाकघरातच तालीम सुरू केली. ‘मोठ्यानं! चर्चमध्ये आलीयेस का?’ असं पाकी खेकसायची. पुढच्या खेपेला बाजारात ही इतकी हळू बोलली की चानो म्हणाला, ‘काय हो, माझ्या माशांना वाचा फुटली की काय?’ सगळ्या बायका खो खो हसल्या. पण त्यातल्या एकीनं हात वर केला. मिमी तिच्या मागे.

आता तिचं कसं चाललंय म्हणता? दुपारी तीनला माझ्याबरोबर जेवते. सुरुवातीला भुकेनं कळवळायची, आता मी तीनच्या आधी ताट घेतलं तर मलाच थांबवते. पूर्वेचा सोसाट्याचा वारा सुटला की मी हाक मारायच्या आत गच्चीवरचे कपडे काढून आणते. चण्याच्या रश्शात जिरं आम्हीही घालतो, पण ते तेलात तडतडवायचं असतं हे मला म्हातारपणी तिच्याकडून कळलं. पाकी त्या वासानं वाटी घेऊनच दारात उभी राहते. फेब्रुवारीत मिमीचा वर्ग बोटीनं समुद्रात जाणार आहे. बार्शीची पोर आरशासमोर लाइफ जॅकेट घालून बघत होती. मी पाहिलं, हे तिला आत्ता कळतंय.

परवा, डिसेंबरातल्या मेरीमातेच्या सणाच्या आदल्या दिवशी, आम्ही दोघी बाजारात गेलो. ही गर्दी! एका बाजूला एक कोरियन मुलगी हात बांधून, शहाण्यासारखी उभी. मी काही म्हणायच्या आत तुमची लेक गाळ्याच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडली, ‘ओ चानो! ती माझ्या मागे आहे हं! कुणी घुसू नका!’ चानोनं कपाळाला हात लावला. ‘गेलं! हीसुद्धा या बायकांतलीच झाली!’ मला इतकं भरून आलं की मी उगाच कालवं निवडत बसले.

आता पत्र कशासाठी, ते. काल ती घरी यायचं तिकीट काढायला बसली आणि नुसतीच बसून राहिली. म्हणाली, ‘आईला कसं सांगू? तिला वाटेल, मी तिला विसरले.’ काय सांगायचंय, ते तिनं मला सांगितलं. पण ते मी लिहिणार नाही. घर असो की बाजार, ज्याचं त्यानं मोठ्यानं बोलावं. तेव्हा मिमी, कागद खाली ठेव आणि तुला काय हवंय ते आईला तुझ्या तोंडानं सांग. ताई, ती जरा थांबेल, थांबू द्या. तिचं सांगून झालं की मगच पुढच्या ओळी वाचेल. उत्तर तुमचं. मी मध्ये पडणार नाही. एवढंच सांगते, की तिच्या आयांमध्ये नंबर तुमचाच पहिला आहे. ‘शेवटचं कोण?’ म्हणून कुणी विचारलंच, तर हात मी वर करेन.

तुमच्या मागे उभी असलेली,
तुमचीच
एन्कार्ना