सीताफळ, बादशा आणि पाटा

७ ऑक्टोबर १९८४, रविवार. सेलू
कुत्र्यानं सीताफळ खाल्लं! आमच्या बादशानं! अंगणात पिकून पडलेलं, बियांसकट. शेजारच्या सगुणाबाई भिंतीवरून ओरडल्या — "ओ बाई, बी लय जहरी ऱ्हाते त्याची! मरंल की कुत्रं!"
खरंच? बारा वर्षं पोरांना फळाचे भाग शिकवते, पण हे काही मला माहीत नाही.

८ ऑक्टोबर
बादशा ठणठणीत. सकाळी मीच त्याच्या मागं मागं. काडीनं उकरून पाहिलं (लिहायलाही लाज वाटते!) — बिया जशाच्या तशा, काळ्या कुळकुळीत. ह्यांनी नेमकं तेव्हाच पाहिलं. "शाळेत हेच शिकवतीस काय?"
शिकवावं की!

१० ऑक्टोबर
शाळा सुटल्यावर गुरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर आधी हसले, मग नीट सांगितलं. "अख्खी बी अख्खीच बाहेर येते. कवच टणक असतं. फुटली, वाटली, तर मात्र वाईट."
म्हणजे झाड निर्दोष! आमच्या लेकीच्या, कुसुमच्या जन्माच्या वर्षी मीच लावलेलं. घरी येईस्तोवर उगीचच खूश होते.

१४ ऑक्टोबर, रविवार
कुसुमच्या डोक्यात उवा. आणल्या कुठून? माझ्याच शाळेतून! सीताफळाच्या साठवलेल्या बिया पाट्यावर वाटल्या, तेलात कालवून लावल्या. डोळ्यांवर फडकं घट्ट बांधलं, तरी पोरीनं घर डोक्यावर घेतलं. पाटा धुतलेलं पाणी झाडाच्या आळ्यात ओतलं, वाया कशाला घालवायचं. दिवस त्यातच गेला.

१५ ऑक्टोबर
बादशाला उलट्या. तोंडाला फेस, पाय लटलट. डॉक्टरांनी घरी येऊन सुई दिली. "रात्र निघाली तर वाचेल."
हे भडकले. "सगुणाबाई सांगायल्या होत्या ना? येत्या रविवारी झाड तोडतो!" कुसुम पोत्यावर बादशाजवळ बसून. जेवली नाही.

१७ ऑक्टोबर
वाचला! आज दोन घोट दूध प्याला.
पण एक कळत नाही. उलटीत एकही बी नव्हती. मी पाहिलं ना.

१८ ऑक्टोबर
ह्यांनी गल्लीतल्या दत्तरावांकडून कुऱ्हाड आणून दाराशी ठेवली. मी म्हटलं, झाडाचा काय गुन्हा? "मग कुणाचा?"

२० ऑक्टोबर
कुत्र्याच्या दातानं बी फुटते का, बघावं म्हणून एक दगडानं ठेचली. सहज फुटेना. म्हणून पाटा ओढला. त्याच्या टाकीच्या खाचांत पांढरट चोथा वाळून बसलेला. वास तोच.
आळ्यातलं पाणी! बादशा रोज दुपारी त्या आळ्यातच लोळतो. तिथलंच पाणी पितो.
डॉक्टरांनी सांगितलं होतं — वाटली तर. चार दिवसांनी मीच वाटली. अन् मी उलट्या तपासत बसले!

२१ ऑक्टोबर, रविवार
हे कुऱ्हाड उचलायला गेले. आडवी झाले. "झाडानं नाही. मी." सगळं सांगितलं. ह्यांनी कुऱ्हाड दत्तरावांकडं परत नेली.
दुपारी बादशाला वाटीत पाणी ठेवलं. तो शेपटी हलवत आला. कुसुमनं वाटी आधी उचलली, वास घेतला, मग त्याच्यापुढं ठेवली.