दोन जुने स्पीकर आणि एक जिना

प्रिय खुडबुडे,

फोनवर सांगायची ही गोष्ट नाही. फोनवर मी जेवलीस का विचारते, तू हो म्हणतेस, मग तू माझ्या गुडघ्यांचं विचारतेस, मी बरे आहेत म्हणते आणि आपलं बोलणं संपतं. म्हणून मापांच्या वहीची कोरी पानं फाडून लिहायला बसले आहे. बातमी अशी की तुझ्या आईने बाहेरच्या खोलीत थिएटर उभं केलं आहे. एकटीने, जुन्या सामानातून, आणि ते वाजतंय. असं वाजतंय की तुझा काका, ज्याला माझं काही म्हणून पटत नाही, तो परवा जमिनीवर मांडी घालून दोन तास गप्प बसला होता.

सुरुवात टीव्हीखालचा खण आवरताना झाली. त्यात तुझी डीव्हीडी सापडली. चार वर्षांपूर्वी तुझा पहिला सिनेमा घेऊन तू आली होतीस. सिनेमातली माणसं चालतात, दारं लोटतात, कपडे झटकतात, त्यांचे आवाज स्टुडिओत बसून तू करतेस, हे तोवर आम्हाला फक्त तुझ्या सांगण्यावरून ठाऊक होतं. तू बाबांना खुर्चीत बसवलंस, सिनेमा लावलास आणि पडद्याकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलीस. मध्येच ते पुटपुटले, सिनेमातली ही पोरगी बंद दाराकडे काय बघत बसली आहे? सिनेमा संपल्यावर उठले आणि म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही." पुन्हा लावू का, असं तू विचारलंस. ते नको म्हणून आत गेले. तू त्याच संध्याकाळी बॅग भरलीस. त्यानंतर घरी आलीस ती ते गेल्यावर, दोन दिवसांपुरती. त्या संध्याकाळी मी मध्ये पडले नाही, हे मला अजून खुपतं. पण बोलणार काय होते? मलाही काही ऐकू आलं नव्हतं.

डीव्हीडी सापडली तेव्हा मी ती पुन्हा लावून पाहिली. तेच. माणसं बोलतात, गाणं वाजतं, बाकी काही नाही. तेव्हा मनाशी ठरवलं, माझ्या लेकीने काय केलं होतं ते ऐकल्याशिवाय मी राहणार नाही.

चौथीनंतर मी शाळा पाहिली नाही. वाचायची गोडी लागली ती रद्दीमुळे. जुन्या पेपरावर मापं आखायची आणि कापण्याआधी तो वाचून काढायचा. कितीतरी बातम्यांचा शेवट बाहीच्या मुंढ्यात गेला. तर वाचनालयातल्या बाईंकडून आवाजाच्या यंत्रांवरचं एक पुस्तक आणलं आणि तीनदा वाचलं. पहिल्या वेळी काहीच कळलं नाही, दुसऱ्या वेळी चित्रं कळली, तिसऱ्या वेळी लिहिणाऱ्याच्या चुका कळायला लागल्या. त्यातून समजलं की आपल्याकडे आहे तसल्या चपट्या टीव्हीचे स्पीकर पाठीला असतात आणि ते आवाज भिंतीला ऐकवतात. आणि पैसे थोडे असतील तर पाच-सात नवे डबे घेण्यापेक्षा दोनच घ्यावेत, जुने पण चांगले.

बाजारामागच्या गल्लीत जुन्या सामानाचं दुकान आहे. मालकाचं डोकं तुळतुळीत आणि बोलणं खडबडीत. त्याच्याकडे कमरेएवढे दोन लाकडी स्पीकर होते, बंद पडलेल्या नाचाच्या क्लासमधून आलेले. एकावर त्याने कुंडी ठेवली होती. जाळी काढली तर आतल्या गोल पडद्याच्या कडेचा फोम हात लावताच चुरा होऊन पडला. "मावशी, शोभेला न्या," तो म्हणाला. मी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तो पडदा चार बोटांनी सरळ आत दाबला. कुठे घासला नाही, खरखरला नाही. म्हणजे आतलं धड होतं, फक्त कड गेली होती. गेलेल्या कडेचं काय करायचं हे मला कुणी शिकवायला नको. चेहरा मात्र पाडूनच ठेवला आणि शोभेच्या भावात दोन्ही घेतले. त्याच दुकानातला जुना अॅम्प्लिफायरही उचलला. हमालाने सगळं घरी आणलं तेव्हा तुझा काका दारातूनच म्हणाला, "वहिनी, ही कपाटं कुणासाठी?"

फोमच्या नव्या कडा मागवल्या. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, कड बरोबर मध्यावर बसवा, घाई करू नका. चाळीस वर्षं कॉलर बसवणाऱ्या बाईला हे सांगतायत. आवाज घुमू नये म्हणून उरलेल्या जाड कापडांचा दुपदरी पडदा शिवून मागच्या भिंतीला लावला. मग मापपट्टी घेतली. दोन स्पीकरांमधलं अंतर आणि खुर्चीपासून प्रत्येकाचं अंतर सारखं हवं. बाबांची खुर्ची मी हलवली नाही. स्पीकर हलवले.

आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. तुझ्या काकाला मुद्दाम बोलावलं होतं. सुरू केलं तर माणसं जणू कपाटात बसून बोलत होती आणि भरीव आवाजाचा पत्ताच नव्हता. त्यापेक्षा टीव्ही बरा. काका म्हणाला, "फसवलं तुम्हाला त्याने." तो गेल्यावर खुर्चीजवळ उभी राहिले. तुझे बाबा असते तर एक शब्द बोलले नसते, स्क्रूड्रायव्हर घेऊन स्पीकरच्या मागे जाऊन बसले असते. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा आणि स्वतः मात्र जिन्यानेच घरी येणारा तो माणूस. मी सांगायची, आपली लिफ्ट तुम्हीच नीट केली आहे ना? ते म्हणायचे, म्हणूनच.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका शर्टाच्या बाह्या कापायला घेतल्या. बाह्या कापताना कापड दुमडून घ्यावं लागतं. दोन्ही एकाच तोंडाच्या कापल्या तर दोन उजव्या बाह्या होतात आणि गिऱ्हाईक डोक्यावर बसतं. डावी बाही उजवीच्या उलट हवी. कात्री हातातच राहिली, कारण तारा जोडताना मी नेमकं हेच केलं होतं. प्रत्येक स्पीकरला दोन तारा जातात. दोन्ही दिसायला सारख्या, म्हणून त्यातल्या एकीला खुणेचा लाल दोरा बांधला होता. डाव्या स्पीकरला लाल दोऱ्याची तार डावीकडे खोचली, म्हणून उजव्याला उजवीकडे. हाताने आपलं आपण बाह्यांची जोडी लावून टाकली. पण स्पीकरांना दोन उजव्याच बाह्या लागतात. माझा एक पडदा बाहेर यायचा तेव्हा दुसरा आत जायचा, आणि एकाने केलेला आवाज दुसरा पुसून टाकायचा. या घरात अशी दोन माणसं मी पाहिली आहेत, नावं घेत नाही.

कात्री ठेवली, एका स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली आणि बटण दाबलं. खोलीच्या मधोमध, जिथे काहीही ठेवलेलं नाही, तिथून एक माणूस बोलला. घसा खाकरून बोलला. मी खरोखरच बाजूला सरकले. मग जे हाताला लागेल ते लावून पाहिलं. पाण्याचा आवाज, आगगाडी, टाळ्या. काका येऊन जमिनीवर बसला तो याच दिवशी. दुकानाच्या मालकाला मुद्दाम जाऊन सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, मावशी, कधी विकणार असाल तर आधी मला सांगा. मी म्हटलं, तुमची कुंडी सांभाळा.

तुझा सिनेमा मात्र राखून ठेवला होता. रविवारी दुपारी खिडक्या लावल्या, खुर्चीत बसले आणि एकटीने लावला. ती मुलगी टेबलाशी वाचत बसली होती. तिने मान वर करून बंद दाराकडे पाहिलं. आणि खालून, उजवीकडून, पावलं आली. एक पाऊल टेकायचं, दुसरं घासत यायचं. लिफ्टखाली पाय सापडल्यापासून बाबांची उजवी चप्पल फरफटायची, तशीच. वळणावर ते दम खायचे आणि खांद्यावरच्या पिशवीतला पाना कठड्याला लागायचा. तोही लागला. पहिला मजला, दुसरा मजला. मुलीने पुस्तक मिटून वह्यांखाली सारलं, जसं तू करायचीस. मी हात जोडून बसले होते, ते मला नंतर कळलं. मग मागे नेऊन पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापक बाई होत्या, निवृत्त झाल्यापासून आवाजाची तक्रार हेच त्यांचं काम. पण तोंडावर तक्रार नव्हती. कठडा घट्ट धरून उभ्या होत्या.

"जिन्यात कुणीच नाही," त्या म्हणाल्या.

"आहे," मी म्हटलं. "आत या."

आता पत्र का लिहिलं ते. बाई गेल्यावर मी स्पीकर बंद केले आणि तोच प्रसंग नुसत्या टीव्हीवर लावला. पाऊल नाही, पाना नाही. फक्त एक मुलगी उगाच दाराकडे बघतेय. तू त्यांची चाल त्यांना द्यायला आणली होतीस आणि आमच्या टीव्हीने ती भिंतीला दिली. त्यांनी तुझं काम उडवून लावलं असं तू समजलीस, मीही तसंच समजले. पण ते जे होतं तेवढंच बोलले होते. तू गेल्यावर पुढच्याच आठवड्यात ते मला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेले. मला वाटलं, लिफ्टच्या मोटारींनी कान गेले असतील. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. परत येताना ते रस्त्यात थांबून म्हणाले, "कान चांगले आहेत म्हणे. मग माझंच काहीतरी चुकतंय." पोरीला फोन करा म्हटलं, तर म्हणाले, काय सांगू तिला, तुझं काम मला ऐकू येत नाही म्हणून? त्यांचं ते बोलणं मला या रविवारी कळलं. त्यांचं काही चुकत नव्हतं, खुडबुडे. तुझंही नाही. आता इथे सगळं ऐकू येतंय. तू ये. खुर्ची मापावर आहे, ती हलवायची नाही, तिच्यात बसायचं. आणि लिफ्ट चालू असली तरी जिन्याने ये.

कान जिन्याकडे लावून बसलेली,
तुझीच
आई