माझ्या लॉरीची मॅरेथॉन

२ जून, सकाळी ६
आजपासून नवं आयुष्य. लॉरी अंगणात उभी आहे. निळी, जुनी, पण छाती भक्कम. माझ्यासारखीच. माझ्या बायकोच्या, सलिनाच्या, दोन दुभत्या गाई देऊन आणली. गाई गेल्या तेव्हा सलिना रिकाम्या गोठ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, चेरूतोचे बाबा, आमच्या बायकांच्या गटाचे बटाटे सव्वीस जुलैला एल्डोरेटच्या बाजारात पोचले पाहिजेत. मी शब्द दिलाय. नाही पोचले तर लॉरी जाईल आणि माझ्या गाई परत येतील.
पस्तीस किलोमीटर! पळणाऱ्यांच्या आमच्या इटेन गावात शेंबडी पोरंही एवढं नाश्त्याआधी पळतात.

४ जून
मेहुण्याकडून, नोआकडून, सरावाची वही आणली. तो युरोपात कुठल्याशा मॅरेथॉनमध्ये चौथा आला होता. धंदा म्हणजे तरी काय, मॅरेथॉनच. स्टॅमिना, शिस्त, संयम. वहीतला आठ आठवड्यांचा प्लॅन जसाच्या तसा लॉरीला लावायचा. पहिले दोन आठवडे ‘बेस’. बेस म्हणजे पाया. पाया म्हणजे विचार. विचार सुरू केला.
माझं लायसन्स मोटारीचं आहे, लॉरीला वेगळं लागतं. त्याची टेस्ट पाचव्या आठवड्यात ठेवलीय. आधी मन तयार हवं.

९ जून
नोआच्या ग्रुपबरोबर पळायला गेलो. मालकाला दम तर धंद्याला दम. पहिल्या चढापर्यंत सगळ्यांच्या पुढे होतो. चढ आमच्या फाटकापासून दोनशे मीटरवर आहे. परत मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून आलो. तो विचारत होता, काका, शर्यत नेमकी कुठल्या दिशेला होती?
दुपारी कार्बो-लोडिंग. मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीचे तीन डोंगर संपवले. यात मात्र मी नैसर्गिक खेळाडू आहे.

१८ जून
लॉरीच्या केबिनमध्ये कोंबडी अंड्यांवर बसलीय. उठवली नाही. नाहीतरी इंजिन सुरू करायचा आठवडा अजून आलेला नाही.
सलिना हल्ली दर मंगळवारी, गुरुवारी गटाच्या मीटिंगला एल्डोरेटला जाते. बायकांना एवढं बोलायला काय असतं कोण जाणे.

२७ जून
काचेवर ‘चॅम्पियन’ रंगवून घेतलं. पेंटर म्हणाला, काका, टायरात हवा नाही. म्हटलं, तू अक्षरं बघ.

३ जुलै
टेस्टला गेलो नाही. पोटरीत गोळा. दुखापतीत जबरदस्ती करू नये, असं नोआचंही मत पडलं. म्हणजे त्याचे शब्द होते, दाजी, पोटरी पळून दुखते, विचार करून नाही. पण मथितार्थ तोच.
सलिनाच्या डोक्याच्या रुमालाला ग्रीस लागलेलं. विचारलं, तर म्हणाली, मीटिंग जरा चिकट होती.

१२ जुलै
टेपर सुरू! शर्यतीआधी दोन आठवडे सराव कमी करून अंगात ताकद साठवायची, त्याला टेपर म्हणतात. भलेभले इथे चुकतात, त्यांना स्वस्थ बसवत नाही. मला बसवतं. आज दिवसभर आडवा. नोआ येऊन बघून गेला. म्हणाला, दाजी, टेपरच्या आधी सराव झालेला असावा लागतो. जळतो. चौथा आला होता ना.

१९ जुलै
कोंबडी पिल्लांसकट केबिनमधून गोठ्यात गेलेली दिसली. टायरही फुगलेत. उन्हानं असेल.
गटाला निरोप धाडला. जिंकून आलेल्या पळणाऱ्याला आपण विमानतळावर वाळल्या भोपळ्यातून मुरसिक, म्हणजे आंबवलेलं दूध, पाजतो, तसं मलाही परतल्यावर फाटकात पाजावं. भाषण लिहून तयार आहे. सलिना म्हणाली, गाई तुम्ही घालवल्यात, आता मुरसिकला दूध शेजारणीकडून आणते. आणि लायसन्स?
म्हटलं, टेपरमध्ये टेस्ट देत नाहीत. त्या दिवशी कुणी ना कुणी लायसन्सवाला भेटेलच. मॅरेथॉनमध्येही वाटेत पाणी मिळतं.

२६ जुलै, सकाळी ७.३०
लायसन्सवाला भेटला नाही. पाच जणांना विचारलं. फाटकाशी बटाट्याची पोती, पोत्यांवर गटाच्या अकरा बायका. सलिनाला म्हटलं, माझं चुकलं.
ती म्हणाली, किल्ली द्या. आणि कमरेच्या गाठीतून नवंकोरं लायसन्स काढून दाखवलं. लॉरीचं. मंगळवार, गुरुवार.
पोती चढली, बायका चढल्या, ‘चॅम्पियन’ फाटकाबाहेर पडली. मी मागे का पळालो, माहीत नाही. चारशे मीटर. न थांबता. आधीचा विक्रम दोनशेचा होता.

२६ जुलै, संध्याकाळी ५
लॉरी परत आली. रिकामी. एकही बटाटा उरला नाही. बायकांनी गाणं म्हणत सलिनाला मुरसिक पाजलं. तिच्या ओठांवर पांढरी मिशी उमटली. खोटं कशाला लिहू, अभिमान वाटला. लाजही वाटली. भाषण खिशातच राहिलं.
भोपळ्याच्या तळाशी घोटभर उरलं होतं, ते तिनं माझ्या हातात दिलं. म्हणाली, चेरूतोचे बाबा, परवा कोबी न्यायचाय. पोती चढवायला-उतरवायला टर्नबॉय हवा. इकडे लॉरीवरच्या मदतनिसाला टर्नबॉयच म्हणतात, वय काही का असेना. माझं बावन्न आहे.
म्हटलं, अगं, पण माझी पोटरी...
म्हणाली, पोती पाठीवर घेतात.