दुर्लक्षाचं वेळापत्रक

तीर्थस्वरूप ताईंना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून सध्या अर्धाच मानून घ्यावा. उरलेला बरं वाटल्यावर घालीन.) साडूंचा गुडघा कसा आहे? तुमची बहीण एकवीस दिवसांपूर्वी बॅग भरून तुमच्याकडे का आली, ते तिने सांगितलंच असेल, आणि तिखटमीठ लावून सांगितलं असेल. आता माझी बाजू ऐका. या सगळ्याचं मूळ तुम्ही आहात.

रानफुलांच्या बियांच्या तीन पुड्या तुम्हीच धाडल्यात. एक खडकावरची, एक सावलीतली, एक पाणथळ जागेतली. मी तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो, औषधाचा थेंब इकडचा तिकडे होऊ दिला नाही. बियांनाही तसंच वागवलं. पाणथळवाल्यांना न्हाणीघर दिलं (आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या मोरीत आंघोळ उरकत होतो, पण कुरकुर एकटीचीच). सावलीवाल्यांना कपाट दिलं आणि साड्या पलंगावर काढून ठेवल्या. खडकवाल्यांना ऊन हवं, आणि आमच्या घरात ऊन एकाच खिडकीत येतं. तिथे तुमच्या बहिणीचं शिलाई मशीन होतं. ते मी जिन्याखाली नेऊन ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं. वर चादरसुद्धा घातली. पण ही माणुसकी कोणी मोजत नाही.

खत चमच्याने, पाणी ड्रॉपरने. आणि फळ काय? खडकवाली पोसून हातभर वाढली, नुसती पानंच पानं. सावलीवाली पिवळी पडली. पाणथळवाल्यांत डास झाले. एक फूल नाही! तुम्हाला विचारलं, तर तुमचं दीड ओळीचं पत्र: ही रानातली आहेत, लाड नकोत, खत नको, दुर्लक्ष करा. अहो, दुर्लक्ष करा म्हणजे काय? किती? दिवसातून किती वेळा? जेवणाआधी की नंतर? औषधाच्या बाटलीवर असं लिहिलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

तरी वडीलकीचा मान ठेवून मी रीतसर वेळापत्रक केलं. सात ते आठ खडकवाल्यांकडे पाठ करून बसायचं, आठ ते नऊ सावलीवाल्यांकडे, पुढे न्हाणीघराबाहेर. तुम्हाला सांगतो, फार कष्टाचं काम आहे. मान आपोआप वळते. अशा ऐन वेळी तुमची बहीण काहीतरी विचारायला आली. मी नुसता हात वर करून म्हणालो, "थांब, दुर्लक्ष चालू आहे." तर म्हणते, "चौतीस वर्षं माझ्याकडे केलंत, ते कुठलं वेळापत्रक लावून?" आणि सकाळच्या गाडीने गेली. आता यात बॅग भरण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा.

कळावं म्हणून कळवलं. लोभ ठेवायचा की नाही, ते तुमच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडतो.

तुमचा अन्यायग्रस्त मेहुणा

ता. क. यापुढे बिया पाठवू नयेत. कुंड्या सगळ्या शेजाऱ्यांना देऊन टाकल्या. न्हाणीघर आणि कपाट मोकळं आहे.

ता. क. दुसरा. मशीन परत खिडकीत ठेवलं. (कंबर त्यातच धरली.) ठेवताना खाली मागच्या पायरीवर नजर गेली. तुमची बहीण मशीनखालचा केर, दोऱ्यांचे तुकडे तिथे फुटक्या कौलात झटकते. पुड्या फोडताना माझ्या हातून खिडकीत सांडलेल्या चार बियाही त्यात गेल्या असाव्यात. तिथे एक निळं फूल आलं आहे. नखाएवढं आहे, पण आहे.

ता. क. तिसरा. दुर्लक्षाने फुलं येतात, हे मान्य. पण एकवीस दिवस या घरात माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलेलं नाही आणि मी काही फुललेलो नाही, हेही तिच्या कानावर घालावं. कौलात अजून दोन कळ्या आहेत. तिकडे मी बघत नाही. तिने येऊन बघावं.