तानाबाईचे दोन दात आणि नागपूरचं औषध

देवळी,
ता. २१ नोव्हेंबर १९५८

तीर्थस्वरूप अन्नपूर्णाबाईस देवळीहून धाकट्या भावाचा, लक्ष्मणचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आष्टीला थंडी पडली का? तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का? (विडी सोडली तर जाईल. पण हे त्यांना वाचून दाखवू नकोस.) इकडे सगळे खुशाल.

पत्राला उशीर झाला, कारण महिनाभर मी दुसऱ्यांच्या दातांमागे फिरत होतो. नागपूरच्या दंतवैद्य डॉक्टर सुलोचनाबाई आमच्या शाळेत आल्या होत्या. पोरांचे नवे दात किडू नयेत म्हणून त्यांवर फ्लोराइड नावाचं औषध लावायचं, आठवड्यातून एकदा, असं चार वेळा. पोरं गोळा करायचं काम हेडमास्तरांनी माझ्या गळ्यात घातलं. मी घरोघर गेलो, पण माझ्याआधीच बाजारातून बातमी पोचली होती की हे उंदीर मारायचं औषध आहे आणि त्यानं दात भुईमुगासारखे उपटून येतात. पहिल्या दिवशी बेचाळीस पोरांपैकी आली एक, सात वर्षांची पंचफुला, आणि तीही आपल्या आजीचं, तानाबाईचं, लुगडं घट्ट धरून. बाकीच्या आया पोरांना घेऊन कुंपणाबाहेरूनच पाहत होत्या.

तानाबाईनं अट घातली, "पयले गुरुजीले लावा, मंग माह्या पोरीले."

बसलो बापडा खुर्चीत. डॉक्टरबाईंनी दात घासून स्वच्छ केले, गालांत कापसाच्या सुरळ्या कोंबल्या, औषध लावलं आणि बजावलं की चार मिनिटं तोंड मिटायचं नाही. नेमकं तेव्हाच तानाबाईनं विचारलं, "गुरुजी, खरं सांगा, जहर हाय का हे?" मी 'नाही' म्हणायला गेलो, तर घशातून निघालं, "आऽऽय!"

"हाय म्हंते वो!" ती ओरडली, आणि क्षणात कुंपणापाशी फक्त कोणाची तरी एक वहाण उरली. मी कापसासकट त्यांच्या मागे धावलो. (माझी फुगलेली गालफडं पाहून त्या आणखीच जोरात पळाल्या. जहर चढलं म्हणे!)

हात हलवत परत येतो तर खुर्चीत तानाबाई! मला म्हणाली, "जहर चढलेला मानूस असा धावते काय? आता मले लावा."

डॉक्टरबाईंनी समजावलं, "आजी, हे लेकरांच्या नव्या दातांसाठी आहे. तुमचे तर दोनच उरलेत."

"माह्ये गेले तं गेले, बाई. तवा कोनी पाह्यलं नाई. इचे राह्यले पाह्यजे. पन पयले मले लागू द्या, मंग तिले."

बाई, त्या दोन दातांना डॉक्टरबाईंनी असं जपून औषध लावलं की जणू ते मोतीच. चार मिनिटं तानाबाई गप्प बसली (देवळीत हे कोणी कधी पाहिलं नव्हतं). नंतर अर्धा तास तोंडात काही टाकायचं नाही म्हटल्यावर तंबाखूची चंचीही तिनं आपणहून डॉक्टरबाईंच्या हवाली केली. अर्धा तास झाल्यावर दोन्ही दात बोटानं हलवून पाहिले, पंचफुलाला खुर्चीत बसवलं आणि मग स्वतः गल्ली गल्ली फिरली. काय बोलली देव जाणे, पण संध्याकाळपर्यंत अडतीस पोरं रांगेत उभी होती.

आज चौथी खेप संपली. पंचफुला खुर्चीतून उतरून आजीला सगळे दात दाखवत हसली, तेव्हा तानाबाईनं पदर डोळ्यांना लावला. माझ्याही डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

भाऊजींना नमस्कार, लेकरांना गोड पापा.

तुझा,
लक्ष्मण

ता. क. जाता जाता डॉक्टरबाईंनी माझं तोंड पाहिलं. मागची दाढ काढावी लागणार, येत्या बुधवारी, वर्ध्याला. महिनाभर मी पोरांना 'यात भ्यायचं काय?' असं सांगत होतो, पण बाई, तू येशील का? लहानपणी माझ्या पायातला काटा काढताना तू हातानं माझे डोळे झाकायचीस, तेवढंच करायचं आहे.

आणखी एक. तुझ्या भावजयीला मी सांगून बसलो आहे की दाढ तुझी काढायची आहे. तेव्हा देवळीला बसमधून उतरताना जरा गाल धरून उतरजो.