उभा वेग साडेतीन

ता. ४ मार्च

चि. मास्तर यास,
अनेक आशीर्वाद.

वर्गातल्या पोरांना पिडून झालं की ताईकडेही जरा बघ. सरावातल्या उडीचं चित्रण पाठवलं आहे. उंच उडीची निवड चाचणी दोन आठवड्यांवर आली आणि वयाच्या अटीमुळे ही माझी शेवटचीच. डॉक्टर म्हणतात, जोडलेला घोटा पुन्हा मोडला तर जन्मभर लंगडावं लागेल.

निवडीची उंची गाठायला जमीन सोडताना उभा वेग सेकंदाला साडेतीन मीटर हवा, हे तूच काढून दिलंस. माझा किती भरतो? कमी असेल तर नाव मागे घेईन. आईला माझी प्रत्येक उडी आभाळाला टेकलेली दिसते. तोंडदेखलं न बोलणारा घरात तू एकटाच.

लोभ आहेच, आकडा खरा असावा.
तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ताई जेवत नाही, खरं कळलं तर खचेल, दांडी पडली तर पडू दे पण तिला उडी मारू दे, असं तू लिहिलंस. मी तुझ्या शब्दाबाहेर कधी गेलो?

पाय सुटल्यापासून कंबर सगळ्यात वर पोचेपर्यंतचा वेळ पुन्हा पुन्हा मोजला, ९.८ ने गुणला. उभा वेग ३.३ च येतो. उडी सात सेंटिमीटर कमी पडणार. तिला ३.५ कळवला आहे. अकरावीच्या पोराने असा आकडा फिरवला असता तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

मला भीती वाटते. उंची कमी पडली की ती धाव वाढवेल. हवेत गेल्यावर धावेचा वेग वर नेत नाही. आडव्याचं उभं करायचं ते जमिनीवरच, त्याच घोट्याच्या जोरावर. तिला जपायला सांग.

माया आहे ती वाढो.
तुझा धाकटा

ता. २२ मार्च

चि. मास्तर यास,
अ. आ.

दवाखान्यातून लिहिते आहे. आधी एक सांगते, स्वतःला बोल लावून घेऊ नकोस.

दोनदा दांडी पडली. प्रशिक्षक म्हणाले, बस कर. मी म्हटलं, वेग पुरेसा आहे, भावाने मोजलाय, चुकतेय मीच. तिसऱ्यांदा जीव तोडून धावले आणि घोटा गेला. पुन्हा नीट चालता येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. आई उशाशी बसून नुसती रडते, माझ्याकडे बघतही नाही.

डोक्यात एकच किडा वळवळतो. साडेतीनचा वेग असून मी कमी का पडले? तिन्ही उड्यांचं चित्रण सोबत पाठवते. माझं नेमकं काय चुकलं ते शोधून कळव. घाई नाही. बाकीचे सगळे माझी समजूत घालतील, खरं तूच सांगशील.

आहे तोच लोभ राहू दे.
तुझी ताई